पॉन्समधल्या गाठीच्या मुलांना ट्रायलबाहेर ठेवू नका

प्रति,
लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींवर क्लिनिकल ट्रायल आखणारे डॉक्टर, औषध कंपन्यांचे संशोधन विभाग आणि नव्या औषधांना मान्यता देणाऱ्या संस्था यांस,

सप्रेम नमस्कार.

मी रेडिओथेरपी विभागात तंत्रज्ञ आहे. तुम्ही ज्या परिषदांमध्ये ट्रायलचे निकाल मांडता तिथे मी नसते. पण त्या निकालांत ज्यांची गणती होते ती मुलं, आणि ज्यांची होत नाही तीही, आमच्या मशीनवर येतात. हे पत्र दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी आहे.

पॉन्स म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या देठाचा मधला भाग. तिथे होणारी गाठ, डिफ्यूज इंट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लायोमा, म्हणजे डीआयपीजी झालेलं मूल पहिल्यांदा येतं तेव्हा लक्षणं दिसायला लागून बहुधा काही आठवडेच झालेले असतात. एक डोळा आत वळलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, चालताना भिंतीचा आधार, पाणी पिताना ठसका. बहुतेक मुलं पाच ते दहा वर्षांची. सुरुवात पुष्कळदा तिरळेपणापासून होते, त्यामुळे आईवडील आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले असतात. मग एमआरआय होतो आणि पॉन्स फुगलेला दिसतो.

माझं पहिलं काम म्हणजे मास्क बनवणं. जाळीदार प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून मी मुलाच्या चेहऱ्यावर ओढते आणि टेबलाला अडकवते. काही मिनिटांत ती कडक होते. नाक, कपाळ, हनुवटी, सगळ्याचा तंतोतंत आकार तिच्यात उतरतो. त्यानंतर रोज मुलानं त्या मास्कखाली, बंद खोलीत, एकट्यानं न हलता पडून राहायचं असतं. अगदी लहानांना रोज भूल द्यावी लागते. जरा मोठी मुलं स्पीकरवरून आईचा आवाज ऐकत पडून राहतात. आणि दोन-तीन आठवड्यांनी तोच मास्क बसेनासा होतो, कारण चेहरा गोल झालेला असतो. मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू असतं, त्यानं गाल वर येतात, हनुवटीखाली भरतं, भूक आवरत नाही, मूल चिडचिडं होतं. मग नवा मास्क, नवा स्कॅन, कधी कधी सगळं प्लॅनिंगही नव्यानं. हे एवढं तपशिलात सांगते आहे, कारण याच स्टिरॉइडचा डोस पुढे ट्रायलच्या दारात आडवा येतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

त्याच सुमारास बऱ्याच मुलांचा डोळा सरळ होऊ लागतो. पाय नीट पडायला लागतो, बोलणं सुटं होतं. आईवडिलांचे चेहरे उजळतात. आम्हाला पुढचं माहीत असतं आणि डॉक्टरांनी त्यांनाही सांगितलेलं असतं, पण चालत आलेलं मूल समोर दिसत असताना ते सांगणं मनात कुठेतरी मागे पडतं. काही महिन्यांनी गाठ परत वाढते. निदानापासून सरासरी आयुष्य 9 ते 11 महिन्यांचं. दोन वर्षांपलीकडे दहांतलं जेमतेम एक मूल जातं, पाच वर्षांपलीकडे शंभरातली दोन.

कारण तुम्हाला ठाऊक आहेच, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याचे स्नायू, हातापायांकडे जाणारे सगळे संदेश पॉन्सच्या त्या लहानशा जागेतून जातात. गाठ तिथे गोळा होऊन बसत नाही. पाण्यात शाई पडावी तशी ती निरोगी पेशींमध्ये पसरते, त्यामुळे सर्जनला कापून काढण्यासारखं काही वेगळं हाताला लागत नाही. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा बहुतेक औषधांना तिथवर पोचू देत नाही. उरतं रेडिएशन. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांची मुलगी कॅरन याच आजारानं 1962च्या जानेवारीत गेली. तिला तीन वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तिलाही रेडिएशनच दिलं होतं आणि तीही मध्ये काही दिवस सावरली होती. आज आमची मशीन्स कितीतरी अचूक आहेत, पण त्या घराला तेव्हा जे सांगितलं गेलं असेल, त्याच्या फार जवळचं आजही आईवडिलांना सांगावं लागतं.

असं असूनही गेल्या दहा-पंधरा वर्षांत या आजाराबद्दल जेवढं कळलं तेवढं त्याआधीच्या पन्नास वर्षांत कळलं नव्हतं. त्याचं श्रेय तुमच्यातल्या अनेकांना आहे आणि ते मी मनापासून मान्य करते. 1990च्या दशकात असं ठरून गेलं होतं की एमआरआयवरून निदान होतं, मग मुलाच्या पॉन्समध्ये सुई घालण्याचा धोका कशाला पत्करायचा. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या हातात या गाठीचा तुकडाच आला नाही आणि दुसऱ्या जागच्या, दुसऱ्या वयाच्या गाठींवरची औषधं या मुलांवर आंधळेपणानं वापरली गेली. ती कोंडी दोन बाजूंनी फुटली. पॅरिसमधल्या नेकर रुग्णालयातल्या सर्जननी दाखवून दिलं की सुईनं केलेली स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी इथेही पुरेशी सुरक्षित असते. आणि मूल गेल्यावर काही आईवडिलांनी गाठ संशोधनासाठी दिली. स्टॅनफर्डच्या डॉ. मिशेल मॉन्जे यांनी अशा दिलेल्या गाठीतूनच प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशी तयार केल्या. घरात मूल गेलेलं असताना त्या सहीसाठी पेन हातात घेणाऱ्या माणसांचं मोल कुठल्याच शोधनिबंधाच्या आभारांत मावणार नाही.

2012मध्ये दोन स्वतंत्र गटांना गाठीचं मूळ सापडलं. आपला डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांना हिस्टोन म्हणतात. त्यातल्या एच3 हिस्टोनच्या साखळीत 27व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असतं. या गाठींत तिथे मेथिओनिन येतं. बदल एवढाच, पण त्यामुळे पीआरसी2 ही यंत्रणा लुळी पडते. एरवी नको ती जनुकं मिटलेली ठेवणं हे तिचं काम. वाढत्या मेंदूत एका टप्प्यानंतर मिटायला हवी होती ती जनुकं उघडीच राहतात आणि पेशी प्रौढ न होता वाढतच सुटते. पॉन्समधल्या सुमारे 80 टक्के गाठींत हाच बदल असतो. 2016मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या आजाराला त्याच बदलावरून नवं नाव मिळालं आणि मेंदूच्या मध्यभागातला थॅलॅमस, मज्जारज्जू अशा मध्यरेषेवरच्या इतर जागांतल्या गाठीही त्याच कुटुंबात आल्या.

माझी तक्रार या कुटुंबातल्या वाटणीबद्दल आहे.

2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं डॉर्डाव्हिप्रोनला वेगवर्धित मान्यता दिली. आधी ओएनसी201 म्हणून ओळखलं जाणारं हेच औषध. आठवड्यातून एकदा घ्यायची कॅप्सूल, एक वर्षावरच्या मुलांपासून मोठ्यांपर्यंत, एच3 के27एम, म्हणजे वर सांगितलेला हिस्टोनमधला बदल असलेल्या आणि आधीच्या उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या गाठीसाठी. या आजाराच्या नावावर मान्यता मिळालेलं हे पहिलंच औषध. त्या दिवशी आमच्या विभागातही सगळे त्याच विषयावर बोलत होते. मग आकडे नीट वाचले. 50 रुग्ण, त्यांतल्या 22 टक्के जणांची गाठ औषधाला प्रतिसाद देणारी, आणि हा प्रतिसाद टिकण्याचा मध्यक 10.3 महिने. या आजारात हे आकडे लहान नाहीत. पण त्या 50 जणांत पॉन्समधली गाठ असलेलं एकही मूल नाही. डीआयपीजी आणि मज्जारज्जूतल्या गाठी त्या विश्लेषणातून वगळल्या होत्या. हेच औषध रेडिएशननंतर लगेच सुरू केलं तर काय होतं हे तपासणाऱ्या अ‍ॅक्शन या मोठ्या ट्रायलमध्येही डीआयपीजी वगळण्याच्या निकषांत आहे.

मान्यतेच्या शब्दांत मात्र पॉन्स वगळलेला नाही. म्हणजे औषध या मुलांनाही लिहून देता येतं, फक्त त्याचा त्यांना उपयोग किती होईल हे सांगायला त्या निर्णयामागे आकडा नाही. तो आकडा मागणारे आईवडील डॉक्टरांसमोर बसलेले असतात. प्रश्न अगदी साधा असतो: ‘आमच्या मुलासारख्या किती मुलांना फायदा झाला?’

तुमची कारणं मला माहीत आहेत. पॉन्समधली गाठ एमआरआयवर मोजणं अवघड, तिच्या कडा धूसर. रेडिएशननंतरची सूज आणि खरी वाढ वेगळी ओळखू येत नाही. बायोप्सी न झालेली मुलं पुष्कळ, त्यामुळे बदलाचा पुरावा नाही. आणि या मुलांचं आयुष्य थॅलॅमसच्या गाठीवाल्या मोठ्या रुग्णांपेक्षा कमी, म्हणून ती मिसळली तर निकाल झाकोळतो. यातलं प्रत्येक कारण आपापल्या जागी खरं आहे. पण सगळी एकत्र ठेवली की त्यांचा अर्थ एवढाच निघतो की आजार जिथे सर्वांत वाईट आहे तिथे आम्ही सर्वांत शेवटी येऊ. शेवटी यायला या मुलांकडे वर्षं नसतात.

आणि ही कारणं आता पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाहीत. मोजमापाचं म्हणाल तर मुलांच्या मेंदूतल्या गाठींच्या मोजमापाचे निकष ठरवणाऱ्या रॅपनो गटानं 2020मध्ये खास डीआयपीजीसाठी प्रतिसाद मोजण्याचे निकष प्रसिद्ध केले आहेत. मेंदूभोवतीच्या पाण्यात गाठीचा डीएनए शोधून उपचाराचा मागोवा घेता येतो हेही दिसलं आहे. शिवाय चालणं, गिळणं, डोळ्याची हालचाल, बोलणं यांची ठरावीक पद्धतीनं नोंद ठेवता येते. रोज मशीनपर्यंत येणारं मूल खुर्चीतून आलं की आईचा हात धरून चालत, हे आम्हीसुद्धा लिहून ठेवतो.

आजार फार दुर्मीळ, मुलं मिळत नाहीत, हेही नेहमी ऐकू येतं. कैरोच्या बालकर्करोग रुग्णालयाकडे बघा. त्यांनी विचारलेला प्रश्न थेट माझ्या कामाचा होता: 30 दिवसांत 54 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) देण्याऐवजी 13 दिवसांत 39 ग्रे दिलं तर मुलांचं आयुष्य कमी होतं का? आधी 71 मुलांची ट्रायल 2014मध्ये प्रसिद्ध झाली, मग 253 मुलांची मोठी ट्रायल, तीन गटांत वाटून. सगळी डीआयपीजीची मुलं. कमी दिवसांचं रेडिएशन या मुलांसाठी स्वीकारण्याजोगं आहे, असा त्या कामाचा निष्कर्ष. ज्या मुलाच्या हातात जेमतेम वर्ष आहे त्याचे रेडिएशनचे सतरा दिवस वाचणं, सतरा वेळा भूल टळणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मशीनच्या दाराशी उभं राहिल्यावर कळतं. ट्रायलच्या बाबतीत त्यातून मला एवढंच सांगायचं आहे: ठरवलं तर फक्त पॉन्समधल्या मुलांची, गट पाडून केलेली ट्रायल पूर्ण होते.

धोक्याचं कारण सर्वांत जड आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. सीएआर-टी उपचारात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी काढून, गाठ ओळखायला शिकवून परत सोडतात. त्या गाठीवर तुटून पडल्या की तिथे सूज येते. पॉन्सला फुगायला जागाच नाही, शेजारून पाणी वाहण्याची वाट बंद होऊ शकते, श्वास थांबू शकतो. यापेक्षा पॉन्स वगळण्याचं सबळ कारण सापडणार नाही. तरीही स्टॅनफर्डच्या गटानं ही मुलं घेतली. गाठीवरच्या जीडी2 या खुणेमागे जाणाऱ्या पेशी त्यांनी पॉन्स आणि मज्जारज्जूच्याच रुग्णांना दिल्या. 2022मध्ये पहिल्या चौघांचा अनुभव प्रसिद्ध झाला, 2024च्या नोव्हेंबरमध्ये 11 जणांचा. सुरुवातीला पेशी शिरेतून दिल्या. डोस वाढवल्यावर त्रास मर्यादेपलीकडे गेला तेव्हा तो खाली आणला आणि पुढच्या खेपा थेट मेंदूतल्या पोकळीत दिल्या. त्यासाठी टाळूखाली बसवलेल्या ओमाया रिझर्व्हॉयर या छोट्या कुपीतूनच डोक्यातला दाब बघता येत होता आणि वाढला तर पाणी काढून घेता येत होतं. 11 पैकी 9 जणांना फायदा दिसला, चौघांची गाठ निम्म्याहून अधिक आकसली आणि त्यांतल्या एकाची पूर्ण दिसेनाशी झाली. प्रसिद्धीच्या वेळी त्या रुग्णाला ट्रायलमध्ये येऊन 30 महिने उलटले होते. सूज आलीच, पण ती येणार हे गृहीत धरून तयारी केलेली होती. धोका होता म्हणून दार बंद केलं नाही, दाराशी माणसं उभी केली.

सिएटलमध्ये बी7-एच3 या दुसऱ्या खुणेवर नेम धरलेल्या पेशी डीआयपीजीच्या 21 मुलांना दिल्या. निदानापासूनच्या आयुष्याचा मध्यक 19.8 महिने आला. त्याआधी स्पेनमधल्या पाम्प्लोना इथे 12 मुलांच्या गाठीत, बायोप्सी करतानाच, डीएनएक्स-2401 हा गाठ फोडणारा विषाणू सोडून नंतर रेडिएशन दिलं, तिथे तो 17.8 महिने होता. या आकड्यांना मी भुलत नाही. गट लहान आहेत, तुलनेचा गट नाही, आणि ट्रायलपर्यंत पोचणारं मूल मुळातच बऱ्या अवस्थेतलं असतं. पण एवढं तरी त्यांनी सिद्ध केलं आहे की पॉन्सपर्यंत पोचता येतं, तिथे उपचार करता येतो आणि काय झालं ते मोजता येतं.

आता स्टिरॉइडबद्दल. सीएआर-टीच्या ट्रायलमध्ये डेक्सामेथासोनच्या डोसला मर्यादा असते. तर्क समजतो, स्टिरॉइड प्रतिकारशक्तीच दाबून टाकतं. पण ज्या मुलाचा मास्क मी दोनदा बनवला ते मूल याच निकषानं बाद होतं. आमच्याकडे आलेल्या एका घरातल्यांना ट्रायल आहे हे रेडिएशन संपल्यावर कुणाकडून तरी कळलं. तोवर डोस चढलेला होता, तो उतरवायला हवा हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि उतरवेपर्यंत प्रवेशाची मुदत गेली. मुलीचे वडील मला विचारत होते की गोळी आम्हीच जास्त दिली का. त्यांनी चिठ्ठीवर होती तेवढीच दिली होती. निकष कागदावर एका ओळीचा असतो. तो पाळता यावा म्हणून पहिल्या आठवड्यापासून कुणीतरी त्या घराबरोबर असावं लागतं, आणि हे कुणीतरी पुरवणं हे ट्रायल आखणाऱ्यांचंच काम आहे असं मला वाटतं. निदानाच्या दिवशीच, रेडिएशनच्या आधी, बायोप्सीचा विषय निघाला पाहिजे. त्यातून काय कळेल, काय कळणार नाही, धोका किती, हे सगळं उघड सांगितलं पाहिजे. आईवडील नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे. पण आज कितीतरी जणांपुढे हा प्रश्न ठेवलाच जात नाही, आणि नंतर बायोप्सी नाही म्हणून औषधाचं दार बंद होतं.

मला हेही माहीत आहे की काही जणांनी याची सुरुवात केलेली आहे. युरोपातली बायोमेड 2.0 ट्रायल ओएनसी201ची एव्हरोलिमस या दुसऱ्या औषधाशी तुलना करते आहे आणि त्यात पॉन्समधली मुलं आहेत. पीएनओसी022 या दुसऱ्या ट्रायलमध्येही आहेत. तिथे ती बसत असतील तर बाकीच्या ठिकाणी का बसत नाहीत, हा माझा प्रश्न आहे. औषध कंपन्यांना मी वेगळं सांगेन. तुमची पहिली ट्रायल यशस्वी दिसावी म्हणून तुम्ही सोपे रुग्ण आधी घेता, हे धंद्याच्या दृष्टीनं समजतं. मग त्याच आराखड्यात पॉन्ससाठी स्वतंत्र गट ठेवा. त्याचा निकाल वेगळा मोजा, मुख्य निकालात मिसळू नका, हवं तर लहान ठेवा. पण तो पहिल्या दिवसापासून असू द्या. मान्यता मिळाल्यावर ‘पुढे बघू’ म्हणालात की पुढचं बघायला आत्ताच्या मुलांपैकी कुणी नसतं.

आणि मान्यता देणाऱ्या संस्थांकडे एक नेमकं मागणं आहे. मुलांना मोठ्यांच्या मागे ठेवलं जातं हे लक्षात घेऊन अमेरिकेनं 2017मध्ये रेस कायदा केला आणि 2020पासून तो लागू आहे. मोठ्यांच्या कर्करोगावरच्या औषधाचं लक्ष्य मुलांच्या गाठीतही महत्त्वाचं असेल तर कंपनीला मुलांमध्येही अभ्यास करावा लागतो. तसंच पाऊल आजाराच्या जागेबाबत टाकता येईल. मध्यरेषेवरच्या ग्लायोमासाठीचा जो प्रोटोकॉल डीआयपीजी वगळेल, त्यानं त्या ओळीपुढे दोन गोष्टी लिहिणं बंधनकारक करा: वगळण्याचं वैद्यकीय कारण आणि पॉन्समधल्या मुलांचा गट कोणत्या तारखेला सुरू होणार ती तारीख. दोन्ही ट्रायलच्या सार्वजनिक नोंदणीत, कुणालाही वाचता येतील अशा. तारीख देता येत नसेल तर प्रोटोकॉल परत पाठवा.

कळावे,
आपली,
रेडिओथेरपी विभागातली एक तंत्रज्ञ